तुमच्याच शब्दांत, पण प्रमाण मराठीत

नियम करायची हौस मला लहानपणापासूनच. देवळीला आमचं कापडाचं दुकान होतं, आणि 'घामेजल्या हातांनी कापड हाताळू नये' ही पाटी मी आठवीत असताना स्वतः रंगवून तिथं टांगली होती. वडील गिऱ्हाइकांना ती दाखवून हसत म्हणायचे, "आमची पोट्टी कलेक्टर होते, पाहा." कलेक्टर काही झाले नाही, मास्तरीण झाले. पाट्या रंगवणं मात्र सुटलं नाही.

काही वर्षांपूर्वी वर्ध्याला आमच्या कॉलेजात एक नवा विषय आला. विद्यापीठाच्या कागदावर त्याचं नाव 'कृत्रिम बुद्धिमत्तेचा जबाबदार वापर' असं भारदस्त होतं. कॉम्प्युटरवाल्यांना वाटलं हे तत्त्वज्ञान आहे, तत्त्वज्ञानवाल्यांना वाटलं हा कॉम्प्युटर आहे, आणि दोघांनी मिळून तो माझ्या गळ्यात मारला. मी शिकवते कॉम्प्युटर, पण बोलायला लागले की थांबत नाही अशी माझी ख्याती. तेवढी पात्रता पुरेशी ठरली. मला विषय मनापासून आवडला. मे महिन्यात बोरगाव मेघेच्या घरी कूलरसमोर बसून मी त्या वर्गाचं नियमपत्रक लिहिलं. ते आठ पानांचं झालं. पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्याला 'मॅडमचा सातबारा' असं नाव ठेवलं, आणि ते माझ्या कानावर आलं तेव्हा मी रागावल्यासारखं केलं, पण मनातून खूश झाले.

त्या सातबाऱ्यात काय नव्हतं! हजेरी किती हवी, काम उशिरा दिलं तर काय, सत्रात एकदा तीन दिवसांची सूट आणि तीही कारण न विचारता. चर्चेत कुणाची टिंगल करायची नाही. यंत्राची मदत घ्यायला मनाई नव्हती. पण घेतली तर शेवटी एका पानावर कबूल करायचं, कोणतं यंत्र, त्याला काय विचारलं, त्याच्या उत्तरातलं काय ठेवलं आणि काय टाकलं. लपवलं आहे अशी शंका आली तर आधी दहा मिनिटं समोर बसून बोलायचं, समाधान झालं नाही तर प्रकरण समितीकडं. एका कलमाचा मला विशेष अभिमान होता. 'हे लिखाण यंत्राचं आहे' असं सांगणारी जी यंत्रं निघाली आहेत, त्यांचा निकाल माझ्या वर्गात पुरावा म्हणून धरला जाणार नाही, असं मी लिहिलं होतं. ही यंत्रं साध्यासरळ लिहिणाऱ्यावर आळ घेतात, माणसाच्या लिखाणाचा निवाडा माणसानंच करावा, हे मी पहिल्या तासाला तावातावानं सांगितलं होतं.

चौथं कलम असं होतं: काम तुमचं स्वतःचं आणि तुमच्याच शब्दांत असावं. नववं असं: उत्तरं मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत लिहिता येतील, मराठीत लिहिणाऱ्यांनी शुद्ध, प्रमाण मराठीत लिहावं. मराठीची परवानगी मिळावी म्हणून मी बैठकीत भांडले होते. मराठीत काय दर्जा राहणार, असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून 'शुद्ध' आणि 'प्रमाण' हे दोन शब्द मीच घुसवले. ही दोन कलमं एखाद्याला एकाच वेळी पाळताच येणार नाहीत, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

ती मुलगी त्या पहिल्या वर्षाच्या वर्गातली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, देवळीच्या पलीकडच्या एका गावातून एसटीनं यायची. दुसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची आणि तोंड उघडायची नाही. काही विचारलं तर 'हो' किंवा 'नाही'. चर्चेला गुण होते, तेही तिनं सोडून दिले. मी तिला मनात 'मुकी' म्हणायचे, हे आज लिहितानाही लाज वाटते.

पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना एकेक चिठ्ठी लिहायला सांगितली होती, हा विषय का घेतला म्हणून. बहुतेकांनी 'आजच्या युगाची गरज' वगैरे लिहिलं. तिच्या चिठ्ठीत एकच ओळ होती. 'मला असे यंत्र बनवायचे आहे, ज्याला माझ्या आईचे बोलणे कळेल.' खाली बारीक अक्षरात, बाहेरगावच्या एका संस्थेत भाषा आणि संगणक ह्या दोन्हींचा पुढचा अभ्यास शिकवतात, तिथं जायचं आहे, त्यासाठी ह्या विषयात चांगले गुण लागतात, असं लिहिलं होतं. मी तिथं बरोबरची खूण केली आणि पुढची चिठ्ठी उचलली.

सत्राच्या मध्यावर मोठा निबंध असायचा. यंत्रानं घेतलेला एखादा निर्णय तुम्ही जवळून पाहिला असेल तर त्याबद्दल लिहा, असा विषय दिला होता. पोरांनी कर्जाच्या अर्जांबद्दल लिहिलं, नोकरीच्या चाळणीबद्दल लिहिलं, बरंचसं इकडून तिकडून गोळा केलेलं. तिनं लिहिलं होतं आईबद्दल. त्यांच्याकडं थोडी शेती, सोयाबीन आणि कपाशी. फोनवर एक बोलतं यंत्र आलं होतं. पिकावर काय रोग पडला ते आपण तोंडानं सांगायचं आणि यंत्र औषध सांगायचं. आई बांधावर उभी राहून फोनशी बोलली. यंत्र म्हणालं, माफ करा, समजलं नाही, पुन्हा बोला. आई पुन्हा बोलली. मग मोठ्यानं बोलली. मग ओरडली. शेवटी मुलीनं फोन हातात घेतला, तेच वाक्य शाळेतल्या मराठीत म्हटलं, आणि यंत्रानं लगेच उत्तर दिलं. त्यावर आई जे बोलली ते तिनं असं लिहिलं होतं: 'म्हणजे आजार सोयाबीनला नाही, मलाच आहे.'

ते वाक्य वाचून मी खुर्चीत सरळ बसले. आणि पुढच्याच क्षणी माझ्या मनात आलं, हे फारच छान आहे. वर्गात तोंडातून शब्द न काढणारी मुलगी असं टोकदार वाक्य कुठून आणणार? एवढं नेमकं कोण लिहितं, ते मला माहीत होतं. यंत्रं लिहितात. दिवसभर मी त्यांचंच लिखाण वाचत होते.

मग मला चुका दिसायला लागल्या. चुकाही अशा, की मराठी माणूस कधी करणार नाही. 'पावसाने नाला भरून वाहत होते.' 'आईचे ओला कपडे.' 'शेजारची मुला हसत होती.' 'यंत्राने उत्तर दिला नाही.' 'माझे काम झाला.' मला वाटलं, सापडलं. हिंदीत नपुंसकलिंग नाही. आधी हिंदीत काहीतरी तयार करून घ्यायचं आणि मग यंत्राकडून मराठी करून घ्यायचं, की उत्तर 'दिलं'चं 'दिला' होतंच. हा माझा स्वतःचा शोध होता आणि मला त्याचं भारी कौतुक वाटलं. वर शेवटचं कबुलीचं पान तिनं कोरं ठेवलं होतं. खाली फक्त 'कोणतीही मदत घेतलेली नाही' असं लिहिलं होतं.

नियमाप्रमाणे मी तिला दहा मिनिटांसाठी बोलावलं. एकटीनं निवाडा करू नये म्हणून शेजारच्या विभागातले एक सर बसवले, तेही नियमातच होतं. ती आली, खुर्चीच्या टोकावर बसली, ओढणीचं टोक दोन्ही हातांत धरून. मी निबंध तिच्यासमोर ठेवला आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले, "घाबरायचं काहीच नाही. हा जो परिच्छेद आहे, आईचा, तो मला तुझ्याच शब्दांत सांग."

"आई…" ती म्हणाली आणि थांबली. ओठ हलले. "आईनी त्या फोन…" पुन्हा थांबली. मला वाटलं, आठवायचा प्रयत्न करते आहे.

"निवांत सांग. तुमच्या घरचीच गोष्ट आहे ना ही?"

"हो."

"मग?"

तिनं मान खाली घातली. सरांनी घड्याळ पाहिलं. मी दुसरा प्रश्न विचारला, 'नाला भरून वाहत होते' असं का लिहिलं आहेस. तिनं ते वाक्य बोटानं दाखवून नीट पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी ते सरळ अपराध म्हणून वाचलं. आज मला कळतं, आपण कुठंतरी चुकलो हे तिला दिसत होतं, पण कुठं ते दिसत नव्हतं.

"मीच लिव…" ती म्हणाली आणि जीभ चावली. "मीच लिहिलं, मॅडम. सांगते. पण वेळ लागेल मला."

"स्वतः लिहिलेलं सांगायला वेळ कशाला लागतो?" सर म्हणाले. माणूस वाईट नाही, त्यांना पुढचा तास होता.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आवाज न होता. दहा मिनिटं संपली होती. मी तिला पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाले, समितीला तुला लेखी उत्तर देता येईल, आठवडा आहे. माझ्या आवाजात सहानुभूती होती, त्या सहानुभूतीचाच मला आता सगळ्यात जास्त राग येतो.

तिनं लेखी उत्तर दिलं नाही. लिहिलं असतं तर तेही कुणीतरी तपासलंच असतं, हे तिला माझ्याआधी कळलं असावं. समितीनं त्या विषयात तिला नापास केलं आणि फाइलीत 'अप्रामाणिक काम' असा शेरा मारला. मी सही केली. पुढच्या सत्रात ती आली नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढं रेघ ओढली गेली, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं फार काही वाटलं नाही. उलट आपण भावनेच्या आहारी न जाता नियम पाळला, असा एक शहाणपणाचा भाव मी काही महिने बाळगून होते.

पुढच्या वर्षी तोच विषय, नवी पोरं. यंत्राची मराठी कशी ओळखावी, हे मी एका तासाला शिकवत होते. हातात नमुना होताच. मी तिचा तो परिच्छेद, नाव काढून, भिंतीवर मोठा करून दाखवला. हो, दाखवला. चुकांखाली लाल रेघा ओढल्या आणि विचारलं, सांगा, हे कुणी लिहिलं असेल? पोरं हसली. 'ओला कपडे' वर जास्त हसली. मीही हसले.

मागच्या बाकावरून पुलगावची एक मुलगी उठली. बोलघेवडी, कुणाची भीड न ठेवणारी. "मॅडम, हे मशीननं नाई लिवलं," ती म्हणाली. "हे आमच्यासारख्या कोण्या पोट्टीनं लिवलं."

"कशावरून?"

"पाहा ना तुमी. जिथं जिथं 'ले' होता, तिथं तिथं 'ला' करून ठेवला. दुसरं काईच नाई बिघडवलं. आमच्या शायेत सर म्हनत, 'मला-तुला'च्या जागी 'मले-तुले' पेपरात दिसलं का मार्क कापीन. मंग आमी पेपर देयाच्या आंधी सगळे 'ले' हुडकून 'ला' करत जाओ. घाईघाईत चांगलेबी 'ले' मरत."

वर्ग पुन्हा हसला, पण हे हसू वेगळं होतं. तीन-चार जणांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, "मी तं 'मुले'चं 'मुला' बोर्डाच्या पेपरात केलतं."

मी भिंतीकडं वळले. नाले, ओले, मुले, दिले, झाले. एकूण एक. 'वाहत होते' मधला 'होते' जागेवर होता. 'माझे काम' मधला 'माझे' जागेवर होता. हिंदीतून उतरवणाऱ्या यंत्रानं 'माझा काम' केलं असतं, 'होता' केलं असतं. इथं मेले होते ते फक्त 'ले'. ज्याला मी यंत्राचा ठसा समजले, तो एका भेदरलेल्या मुलीनं शेवटच्या रात्री पेन घेऊन ओळीओळीवरून फिरल्याचा ठसा होता. आणि ती का फिरली होती? नववं कलम पाळायला. त्या दहा मिनिटांत ती काही आठवत नव्हती. प्रत्येक वाक्य मनात आधी धुऊन घेत होती, आणि तेवढ्यात आम्ही घड्याळ पाहत होतो.

तास मी कसा संपवला ते आठवत नाही. स्टाफरूममध्ये गेले आणि दार लोटून रडले. आणखी एक गोष्ट होती, ती मी त्या वर्गात कुणाला सांगितली नाही. पुण्याला शिकायला गेले तेव्हा होस्टेलवर माझ्या 'मले' वर मुली इतक्या हसल्या, की पहिल्या महिन्यात मी जिभेवरचा एकेक 'ले' वेचून फेकला. घरी लिहिलेल्या पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, 'इथला पोहे चांगला असतात.' वडिलांनी ते पत्र दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं आणि दिवाळीला मी घरी आले तर म्हणाले, "काय वं, पुन्याचा पोहे कसा हाय?" पुढं दोन वर्षांत मी अशी बोलायला लागले, की देवळीचे पाहुणे मला पुण्याचीच समजत. वडील शेवटपर्यंत त्यांच्याच बोलीत विचारत राहिले आणि मी शेवटपर्यंत त्यांना पुण्याच्या मराठीत उत्तरं दिली. म्हणजे ही चूक महाराष्ट्रात ज्या कुणाला ओळखता यायला हवी होती, त्यांच्यात माझा नंबर वरचा. तीच चूक मी स्वतः केली होती, आणि दुसरीच्या कागदावर ती दिसली तेव्हा मी तिला यंत्र म्हटलं.

समितीपुढं पुन्हा प्रकरण न्यायला दोन महिने लागले. एकदा लागलेला निकाल फिरवायची कुणालाच सवय नसते. मी सातबाऱ्याची सगळी कलमं पुढं केली, पुलगावच्या मुलीनं दोन ओळींत सांगितलेलं मी दोन पानांत मांडलं. शेवटी पत्र निघालं. मसुदा मीच केला, समितीनं त्यावर आपली भाषा चढवली. 'मूल्यांकनकर्त्याच्या आकलनात त्रुटी राहिल्याने उद्भवलेल्या गैरसमजाबद्दल दिलगिरी', असं त्यात होतं. गुण परत दिले होते, चांगले दिले होते. शेरा काढला होता. त्या बाहेरगावच्या संस्थेचे पुढच्या वर्षाचे अर्ज अजून घेत होते, हेही मी फोन करून विचारून ठेवलं. पत्र पोस्टानं पाठवता आलं असतं. पण मी एसटीत बसले.

डिसेंबर होता. देवळीच्या स्टँडवर उतरून पुढच्या गाडीची वाट पाहिली. आमचं दुकान होतं तिथं आता मोबाइलचं दुकान आहे, तिकडं पाहिलं नाही. गावात घर विचारत गेले. सिमेंटचं दोन खोल्यांचं घर, फळीवर बुद्धाची मूर्ती, तिच्याखाली स्वच्छ निळं कापड. अंगणात तिची आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. माझ्याच वयाची बाई. मी कॉलेजातून आले म्हटल्यावर तिनं हात पुसत आतून खुर्ची आणली आणि लेकीला हाक मारली.

मुलगी बाहेर आली. थोडी वाळली होती. देवळीला फॉर्म भरून देणाऱ्या एका सेंटरवर बसते, आज सुटी आहे, असं तिनं सांगितलं. लोकांचे अर्ज लिहिते. सगळं स्वच्छ, प्रमाण मराठीत, एकेक शब्द तोलून. मी पत्र दिलं. तिनं उभ्यानंच वाचलं, दोनदा वाचलं, घडी होती तशी घातली.

"धन्यवाद, मॅडम," ती म्हणाली.

मी घाईघाईनं सांगायला लागले, अर्ज अजून चालू आहेत, शिफारसपत्र मी देते, तुझा तो निबंधच पाठव, त्यातलं एक अक्षर बदलू नकोस. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "तिथे मुलाखत असते ना?"

"असते. पण ती काही…"

"समोर बसवून विचारतात ना?"

"हो."

"मग नको, मॅडम. मला नाही जमणार ते आता." आणि माझ्या तोंडाकडं पाहून, मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "सेंटरवर बरं आहे. तिथे फक्त लिहायचं असतं."

ह्या मुलीला आपल्या आईचं बोलणं यंत्राला शिकवायचं होतं. माझ्या खोलीत दहा मिनिटं बसल्यापासून तिला स्वतःचंच बोलणं नकोसं झालं होतं. मी पत्र आणलं होतं, गुण आणले होते, तारखा आणल्या होत्या. जे मोडलं होतं ते परत द्यायला माझ्या पिशवीत काही नव्हतं.

आई इतका वेळ शेंगा सोलत ऐकत होती. एकदम म्हणाली, "तुमी देवळीच्या कापडवाल्या भाऊच्या पोरगी ना जी? मी तवाच ओयखलं. शायेचं निळं कापड आमी तुमच्याच दुकानातून आनत जाओ. लय हासऱ्या तोंडाचे होते भाऊ."

"हो," मी म्हणाले. "त्यांचीच."

"मंग एक इचारू का? राग नका येऊ देजा."

"विचारा ना."

तिनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं. "फोनमधली ते बाई बाहेरची हाय. तिले माह्यं नाई समजत, त्याचं मले काई नाई वाटत. पन तुमी तं इथल्याच ना? तुमाले कसं नाई समजलं?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माह्यं चुकलं, माय, एवढंच मला म्हणायचं होतं. लहानपणी शंभर वेळा म्हटलेलं वाक्य. पण आता जीभ वळेचना. शेवटी तोंडातून जे बाहेर पडलं, ते त्या पत्रातलं होतं. "माझ्या आकलनात त्रुटी राहिली," मी म्हणाले. "त्याबद्दल मी अत्यंत दिलगीर आहे."

बाईनं माझ्याकडं पाहिलं, मग लेकीकडं पाहिलं. "काय म्हनून राह्यल्या वं ह्या?"

मुलगी आईजवळ खाली बसली, सुपातल्या दोन शेंगा हातात घेतल्या आणि माझ्याकडं न पाहता म्हणाली, "त्याईचं चुकलं, असं म्हनून राह्यल्या, माय. त्याईले वाईट वाटून राह्यलं."

तिची बोली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.